आत्याच्या वर्षांच्या जागी आडवी रेघ

माझ्या आत्यावर अन्याय झाला. नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, नव्या मासळी मार्केटच्या लोखंडी दाराबाहेर, मोबाइलच्या पडद्यावर. तिच्यासोबत आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या त्या सगळ्या बायकांवर झाला, ज्यांना मासे विकायची जागा सासूकडून मिळाली होती. त्यातली एकही सुटली नाही.

कोणावर, कधी, कुठे. पत्रक असं सुरू करायचं असतं. मी कॉलेजात असल्यापासून गावच्या समितीची पत्रकं लिहिते आणि कारणं पहिल्या परिच्छेदात घालत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत लोक पत्रकात वडापाव गुंडाळतात. इथे मात्र कारण सविस्तर सांगावं लागेल, कारण ते जावास्क्रिप्टच्या एका ओळीत आहे. ती ओळ मी वाचली आहे. ती लिहिणाऱ्यासोबत चहा प्यायले आहे. आणि तरीही आत्याला ओटा मिळाला नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी काहीतरी चांगलं होईल म्हणून वाचत राहू नका.

आमच्या भागातलं जुनं मार्केट म्हणजे पत्र्याच्या छपराखाली सिमेंटचे बुटके ओटे. एका बाईला एक ओटा. आत्याचा ओटा मधल्या खांबाशेजारी होता. तिच्याआधी तिथे तिची सासू बसायची. तेव्हा छप्पर नव्हतं, ओटेही नव्हते, पलीकडे सानपाड्याच्या बाजूला इमारती नव्हत्या, खाडी होती आणि बायका जमिनीवर पाटी ठेवून बसायच्या. पण जागा ठरलेल्या होत्या. जागा कशा राखायच्या याची एक रीत होती. एखादी बाई आली नाही, दुखण्यात आहे, बाळंतीण आहे, घरात मयत आहे, तर शेजारची बाई सकाळी तिच्या जागेवर ओलं गोणपाट पसरायची. ओलंच. कोरडं गोणपाट म्हणजे कोणीतरी विसरून गेलेलं. ओलं म्हणजे आज, आत्ता, कोणीतरी मुद्दाम टाकलेलं. त्याच्यावर कोणी पाटी ठेवत नसे. बाहेरून आलेला व्यापारीसुद्धा ते बघून पुढे जायचा.

आत्याची सासू गेली तेव्हा दिवसकार्य होईपर्यंत शेजारच्या ओटेवालीने रोज गोणपाट भिजवून टाकलं. मग एका सकाळी ती घरी आली, आत्याला हाताला धरून मार्केटात घेऊन गेली, गोणपाट उचललं आणि म्हणाली, "बस." झालं हस्तांतरण. सही नाही, शिक्का नाही. परवाना सासूच्या नावावर होता तो तसाच राहिला. कोणी बदलून मागितला नाही, कारण कोणी विचारलंच नाही. त्या शेजारणीचा परवाना तिच्या स्वतःच्या नावावर होता. तेव्हा दोघींना तो फरक माहीतही नव्हता.

मग जुनं मार्केट पाडायचं ठरलं आणि टाइल्स लावलेली दोन मजली इमारत उभी राहिली. नियम असा आला की पंधरा वर्षं किंवा जास्त धंदा केलेल्या बाईला आत ओटा मिळणार, तिथे कोणाचा कुठला ते चिठ्ठीने ठरणार. बाकीच्यांनी थांबायचं. किती, ते लिहिलेलं नव्हतं. अर्ज वेबसाइटवर.

अर्ज मीच भरला. एक रकाना होता, परवान्यानुसार व्यवसायाची वर्षे. आत्याच्या नावावर परवाना नव्हता, तो कोरा ठेवला. खालचा रकाना होता, परवाना नसल्यास सुरुवातीचं वर्ष. तिथे तिची सासू गेली ते वर्ष टाकलं, सोबत गावच्या समितीचा दाखला जोडला. दोन्ही नियमात बसत होतं. रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, वर्षे आपोआप मोजली जातील.

"आपोआप म्हनजे कोन मोजनार?" आत्याने विचारलं. ती पाटीतले बोंबील नीट लावत होती.

"कॉम्प्युटर मोजणार."

"बग हां. मना तर आपोआप भरती-ओहोटी सोडून काय व्हताना दिसलेलं नाय."

त्या सोमवारी आम्ही दाराबाहेर उभ्या होतो. कागद लावणार होते, तो काही लागला नाही. वेबसाइटवर बघा म्हणाले. मी आत्याचा अर्ज क्रमांक टाकला. पान उघडलं. नाव बरोबर. गाव बरोबर. सुरुवातीचं वर्ष बरोबर. त्याखाली, वर्षे, आणि पुढे एक आडवी रेघ. त्याखाली लाल अक्षरात, अपात्र.

"काय आलं गो?"

"अपात्र."

"फेल?"

"हो."

"कितीन फेल?"

मला सांगता येईना. आकडाच नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका सुनेचा क्रमांक टाकला. तीच रेघ. तिसरीचा टाकला. तीच. तोवर आजूबाजूच्या परवानावाल्या बायकांच्या फोनवर हिरवी अक्षरं येत होती आणि त्या एकमेकींना हाका मारत होत्या. आत्याची शेजारीण आली, तिचंही हिरवं होतं. तिने आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आत्याला सीबीडी बेलापूरला घेऊन गेले. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, तिथे सगळीच एकमेकांसारखी आहेत. तिथल्या क्लार्कने नीट बसवलं, पाणी दिलं. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

"मावशी, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. पान उघडून बघितलं. "वर्षं नाहीत तुमची."

"वर्षं नायत कशी? वर बग, कवापासून बसतंय ते लिवलंय ना."

"सुरुवात आहे. पण वर्षं नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, सुरुवात आहे आणि आज आहे. वजाबाकी करा की."

"मी कशी करू? ती सिस्टीम करते."

"सिस्टीमने केलेली नाही."

"केली नाही म्हणजे निघाली नसणार. माहिती अपुरी असेल तर निघत नाही." त्याने स्क्रीन आमच्याकडे फिरवली, जणू स्क्रीन आमच्याशी स्वतः बोलणार होती. "हे बघा, आम्ही हातानं काही बदलू शकत नाही. तेच तर ऑनलाइन केलंय, भ्रष्टाचार नको म्हणून."

आत्या उठली. म्हणाली, "ही सिस्टीम कोन, तिला एकदा बाजारान घेऊन ये. मी तिला दोन पापलेट देतंय, नि समोर बसून मोजायला सांगतंय." क्लार्क हसला. मीही हसले. आत्या हसली नाही.

मी महाप्यात एका कंपनीत वेबसाइटची कामं करते. जावास्क्रिप्ट हे माझं रोजचं काम आहे, दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते पान माझ्या मशीनवर उघडलं. स्वस्तात केलेलं काम होतं, सगळी मोजणी पानावरच होत होती, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता येत होता. वाचायला गेलं कोण, एवढाच प्रश्न.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांना सांगते. ऑब्जेक्ट म्हणजे एका माणसाची माहिती एकत्र बांधलेलं गाठोडं समजा. महिरपी कंस उघडायचा. आत एकेक गुणधर्म लिहायचा: नाव, गाव, सुरुवातीचं वर्ष, चालू वर्ष. कंस बंद करायचा. गाठोडं तयार. लिहिणाऱ्याला याच कंसात आणखी एक गुणधर्म हवा होता, धंद्याची वर्षे, आणि तो वरच्या दोन गुणधर्मांवरून काढायचा होता. त्याने लिहिलं: वर्षे म्हणजे 'धिस'चं चालू वर्ष वजा 'धिस'चं सुरुवातीचं वर्ष.

'धिस' म्हणजे 'हा'. वाचणाऱ्या कोणालाही वाटेल की हा म्हणजे हाच ऑब्जेक्ट, ज्याच्या कंसात आपण बसलोय. पण जावास्क्रिप्टमध्ये तसं नसतं. कंस बंद होईपर्यंत ते गाठोडं झालेलंच नसतं. अर्धवट गाठोड्याला 'धिस' म्हणून हाक मारता येत नाही. हाक कंसाबाहेर जाते आणि बाहेर जो कोणी उभा असेल त्याला लागते. इथे बाहेर उभी होती ब्राउझरची खिडकी. खिडकीला सुरुवातीचं वर्ष नसतं. चालू वर्षही नसतं. भाषा तिथे थांबत नाही, ओरडत नाही, लाल काही दाखवत नाही. जे नाही त्यातून जे नाही ते वजा करते आणि उत्तर देते, ‘नॅन’. म्हणजे, हा आकडा नाही.

आता हा 'आकडा नाही' पंधरापेक्षा मोठा आहे किंवा पंधराएवढा आहे, असं विचारलं की उत्तर येतं, नाही. पंधरापेक्षा लहान आहे का विचारलं तरी उत्तर येतं, नाही. पण दुसरा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पहिल्या प्रश्नाला नाही आलं की अपात्र, एवढंच लिहिलं होतं. आणि पान दिसायला बरं दिसावं म्हणून खाली आणखी एक ओळ होती: आकडा नसेल तर आडवी रेघ दाखवा. 'आकडा नाही' हे शब्द पडद्यावर आले असते तर निदान त्या क्लार्कच्या भुवया वर गेल्या असत्या. ती चूक एका रेघेखाली गेली.

आणि परवानावाल्या कशा सुटल्या? त्यांची वर्षे पहिल्या रकान्यातून थेट आली. कोड आधी तो रकाना बघायचा. तो भरलेला असेल तर वजाबाकीकडे जायचाच नाही. वजाबाकी फक्त त्यांच्यासाठी होती ज्यांच्याकडे कागद नव्हता. गोणपाटावर बसलेल्या सगळ्या सुनांसाठी.

मी ती एक ओळ उचलून कंसाबाहेर ठेवली. आधी गाठोडं बांधलं, मग त्याच्याकडे वर्षं मागितली. आत्याची माहिती भरली. पडद्यावर एकोणतीस आलं. डब्यातली भाजी तशीच राहिली. मी त्या एकोणतीसकडे बघत होते आणि मला वाटत होतं की आता प्रश्न सुटला. मला खरंच तसं वाटलं.

संध्याकाळी आत्याच्या ओटीवर बसून तिला सगळं सांगितलं. कंस, गाठोडं, खिडकी. तिने कोलंबी सोलता सोलता ऐकलं.

"म्हनजे मी माझ्या नावानं हाक मारली," ती म्हणाली, "नि ओ भलतीनंच दिली."

"हो."

"नि तिला मासलीतला काय ठाऊक नाय."

"काहीच नाही."

"मंग तिला गप नाय बसता आलं?" तिने कोलंबीचं डोकं मोडून टाकलं. "बरं. आता कवा बसवतान मना आत?"

मी म्हटलं, एक ओळ बदलायचीय, आठवडाभरात होईल.

पानाच्या तळाला काम करणाऱ्या कंपनीचं नाव होतं. कंपनी महाप्यातलीच निघाली, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकी जवळ. वर जाऊ देईनात. मी खालच्या पहारेकऱ्याला सांगितलं की मासळी मार्केटचं पान ज्याने केलंय त्याला सांग, चूक सापडलीय. दहा मिनिटांत एक मुलगा खाली आला. माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. आम्ही टपरीवर गेलो.

"मॅडम, तुम्ही क्लायंटकडून?"

"मी अपात्रांकडून."

मी ओळ दाखवली. तो म्हणाला, "बरोबर लिहिलंय की. धिस म्हणजे हाच ऑब्जेक्ट."

"चालवून बघ."

त्याने लॅपटॉप उभ्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवून चालवलं. मग पुन्हा एकदा चालवलं. कोणालाही होणारी चूक होती. कॉलेजात आधी जावा शिकवतात, तिथे हे चालतं. मग नोकरीत जावास्क्रिप्ट हातात देतात आणि नावात जावा आहे म्हणून सगळे पुढे जातात.

"टेस्टिंगला जो डेटा दिला हुता त्यात सगळ्यांकडं परवाना हुता," तो शेवटी म्हणाला. आतापर्यंतची ऑफिसची भाषा गळून सातारा बाहेर आला. "ही ओळ कधी चाललीच नाय. च्यायला. किती बायका हायत?"

"तुझ्या पानावरच्या सगळ्या रेघा मोज."

त्याने मोजल्या नाहीत. ओळ दुरुस्त केली. त्याने गेटर वापरला, म्हणजे वर्षं गाठोडं बांधताना काढायची नाहीत, कोणी मागेल तेव्हा काढायची. तोवर गाठोडं झालेलं असतं आणि हाक बरोबर जागी लागते. माझ्यापेक्षा नीटनेटकं काम. चहा अजून पिण्यासारखा गरम होता.

"झालं," तो म्हणाला.

"मग टाक वर."

"टाकता येत नाय, ताई."

मग त्याने मला सांगितलं. काम सोपवून झालंय. आता एक अक्षर बदलायचं तरी कार्यालयाचं पत्र लागतं. कार्यालय पत्र देणार, कंपनीने चूक झाल्याचं लेखी कळवलं तर. कंपनी चूक झाल्याचं लेखी कळवणार, कार्यालयाने पत्रात चूक दाखवून दिली तर. आधी कोणी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"तू लिहून दे," मी म्हटलं. "चार ओळी. चूक कुठे, कशी. मी पत्रक काढते, वर्तमानपत्रात देते."

"मी हितं कायम नाय."

"म्हणून?"

"आमचे वडील धान्य मार्केटात माथाडी हायत. पाठीवर गोणी घेतात अजून. घरात खुर्चीवर बसून काम करणारा मी पयला." त्याने लॅपटॉप मिटला. "लिहून दिलं तर उद्या मी बाहेर. तुमच्या आत्याला मी बघितलेलं नाय, ताई. माझ्या आईला रोज बघतो."

मला त्याचा राग आला आणि अजून आहे. त्याच्या जागी मी काय केलं असतं हा प्रश्न मी विचारणार नाही. हा प्रश्न विचारला की नेहमी सगळे सुटतात.

मी पत्रक लिहिलं. ओळ जशीच्या तशी घातली, खाली साध्या भाषेत अर्थ दिला. समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्याच आळीतल्या एका काकांनी, ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"या धिस-बिस कशाला लिवलंस? लोकांना वाटंल इंग्लिश क्लासची जाहिरात हाय."

"काका, तीच तर चूक आहे."

"ता बरोबर. पन आपण तांत्रिक चूक लिवूया."

मी भांडले. तांत्रिक चूक म्हटलं की ती पावसासारखी वाटते, वरून पडलेली. माणसाने लिहिलेली वाटत नाही, माणसाने तपासली नाही असं वाटत नाही. ओळ छापली तर निदान एखादा मुलगा ती वाचून घरी चालवून बघेल. समितीत हात वर झाले. तांत्रिक चूक छापलं गेलं. पत्रकात सगळ्यात ठळक अक्षरात मागणी होती: वाटप रद्द करा, फेरमोजणी करा, पुन्हा चिठ्ठ्या काढा.

या मागणीनेच आमचा घात झाला. आणि ती मागणी बरोबर होती.

कारण तोवर आतल्या बायकांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. आत्याच्या शेजारणीला दाराजवळचा कोपऱ्याचा ओटा लागला होता, सगळ्यात चांगला. पहिले काही दिवस तिने जे केलं ते मी विसरणार नाही. ती आपल्या नव्या ओट्याच्या अर्ध्या भागावर, पांढऱ्या टाइल्सवर, ओलं गोणपाट पसरून ठेवायची. गिऱ्हाईक विचारायचं, इथे काय? ती म्हणायची, "बाय येनार हाय." मग मार्केटच्या सुपरवायझरने ते गोणपाट उचलून कचऱ्यात टाकलं, अस्वच्छता म्हणून. तिने दुसरं टाकलं. त्याने तेही उचललं आणि ओटा काढून घेईन म्हणाला. तिसरं तिने टाकलं नाही.

देवळाच्या पटांगणात बैठक झाली. अपात्र सुना सगळ्या आल्या. आतल्या बायकांतल्या दोघी-तिघीच आल्या. शेजारीण आली होती. मी उभं राहून सांगितलं की आतल्यांनी सोबत सह्या केल्या तर फेरवाटप करावंच लागेल. शेजारणीने पदर सारखा केला.

"म्हनजे माझी चिठ्ठी पन परत टोपल्यान जानार?"

"हो. सगळ्यांची."

"नि दारावरचा ओटा दुसरीला लागला तर?"

मी म्हटलं, लागू शकतो.

ती आत्याकडे न बघता म्हणाली, "पोराच्या लग्नाचा करज काडलाय मी. मना नाय जमनार, बाय." आणि उठून गेली. आत्याने तिला हाक मारली नाही. मीही मारली नाही. काकांनी पुढच्या बैठकीची वेळ सांगितली. पुढच्या बैठकीला आम्ही बोटांवर मोजण्याइतक्या उरलो होतो.

आत्या दाराबाहेर फुटपाथवर बसू लागली. फुटपाथवर बसणं म्हणजे अतिक्रमण. गाडी आली की पाटी उचलून पळायचं. तिला पळता येत नव्हतं, तिचे गुडघे गेलेत. दोनदा पाटी गेली. दुसऱ्या वेळी विळीही गेली, सासूची. ती सोडवायला मी गेले, तर जप्तीच्या ढिगात सगळ्या विळ्या एकसारख्याच दिसत होत्या, आणि मालकीचा पुरावा काय, असं विचारलं.

दिवाळीनंतर कधीतरी त्या पानावर बदल झाला. कोणी केला माहीत नाही. मी त्या मुलाला विचारायला गेले तर पहारेकरी म्हणाला, तो आता इथे नसतो. त्याने जाता जाता केला की त्यासाठीच त्याला जावं लागलं की दुसऱ्याच कोणी केला, मला कळलं नाही. पण कोडमध्ये गेटर होता, त्याने टपरीवर लिहिला होता तसाच. मी आत्याचा अर्ज क्रमांक टाकला. नाव, गाव, सुरुवातीचं वर्ष. वर्षे, एकोणतीस. हिरव्या अक्षरात, पात्र. त्याखाली एक नवी ओळ: वाटप पूर्ण झाले आहे. आक्षेपाची मुदत संपली आहे.

आम्ही परत बेलापूरला गेलो. तोच क्लार्क होता. त्याने पान उघडलं आणि त्याचा चेहरा खरोखर खुलला.

"बघा मावशी, तुमचं बरोबर होतं. आलं ना पात्र?"

"मंग ओटा?"

"ओटे संपले ना आता. पण रेकॉर्ड क्लिअर झालं तुमचं. पुढच्या मार्केटला कामाला येईल."

"पुढलं मार्केट कवा?"

त्याने वर पंख्याकडे पाहिलं. परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "एकोनतीस बरोबर हाय. मोजला मी."

आता ती आत जाते. रोज सकाळी त्याच लोखंडी दारातून, आणि तिला कोणी अडवत नाही. शेजारणीच्या कोपऱ्याच्या ओट्यामागे, खाली फरशीवर, पाटावर बसून ती मासे कापून देते. दुसऱ्याची विळी, दुसऱ्याची मासळी. त्या दोघी बोलतात, हसतातही कधी, मी ऐकलंय. मागच्या रविवारी मी गेले होते. एक गिऱ्हाईक सुरमईसाठी घासाघीस करत होतं. शेजारीण बर्फ आणायला गेली होती, म्हणून त्याने ओट्यावरून वाकून आत्याला विचारलं, शेवटचं काय द्यायचं बोला. आत्याने वर पाहिलं, मला पाहिलं आणि खाली बघून सुरमईचं पोट फाडत म्हणाली, "मना ठाऊक नाय. मालकिनीला इचारा."

ती चूक आजही दुसऱ्या कुठल्या तरी पानात तशीच आहे, याबद्दल मला शंका नाही. ती फार सोपी आहे, आणि ती आवाज करत नाही.

म्हणून तुम्ही एक करा. तुमच्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या बाईच्या घरात कोणाचा तरी कुठला तरी अर्ज नाकारला गेलेला आहे. त्याचं पान उघडा. अपात्र हा शब्द वाचून पान बंद करू नका, त्याच्या वरच्या ओळी वाचा. जिथे आकडा असायला हवा तिथे रेघ असेल, शून्य असेल, कोरं असेल, तर मुदत संपायच्या आत त्या कार्यालयात जा आणि म्हणा, ही वजाबाकी माझ्यासमोर, हाताने करा. सिस्टीम करते म्हणाले तरी उठू नका. माहिती भरलेली आहे, दोन आकडे आहेत, करा म्हणा. करेपर्यंत त्या खुर्चीत बसा. आम्ही पाणी पिऊन उठलो. तुम्ही उठू नका.